विमान रद्द झालं : परतावा, भरपाई आणि वरचा प्रवासखर्च – काय, कोणाकडे, कसं मागायचं?

गोदाकाठ
नाशिकच्या ओझर विमानतळावरून सुटणारी विमानं मोजकी. एक रद्द झालं की त्याच दिवशी त्याच गावाला दुसरं मिळेलच असं नाही. त्यामुळे नाशिककराचा खर्च मुंबईकरापेक्षा जास्त वाढतो : मुंबईपर्यंत टॅक्सी, टोल, ऐनवेळचं महाग तिकीट, कधी रात्रीचा मुक्काम. आणि कंपनीला पत्र लिहिताना बहुतेक लोक एकच ओळ लिहितात, "माझं नुकसान भरून द्या." उत्तर येतं, "आपला परतावा जमा केला आहे." प्रकरण तिथंच मिटतं.

माझं ठाम मत असं, की या तीन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या कधीही एकत्र लिहू नयेत.
पहिली, तिकिटाचा परतावा.
दुसरी, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सरकारी नियामक) नियमातली ठरावीक भरपाई.
तिसरी, विमान रद्द झाल्यामुळे खिशातून गेलेला वरचा खर्च.
पहिल्या दोन कंपनीवर थेट बंधनकारक आहेत. तिसरी साधारण ग्राहक आयोगातूनच मिळते. तिघींचे पुरावे निराळे आणि आकडेही निराळे.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. ओझर–दिल्ली तिकीट ५,२०० रुपयांचं, त्यात मूळ भाडं ३,९००. सुटायच्या पाच तास आधी रद्द झाल्याचा एसएमएस आला. कंपनी दुसऱ्या दिवशीचं विमान देते, पण काम त्याच संध्याकाळचं आहे. प्रवासी ५,००० रुपयांची टॅक्सी करून मुंबईला जातो आणि ९,८०० रुपयांचं नवीन तिकीट काढतो. त्याने कोणाकडे किती मागावं? जाणकारांनी आकड्यांसह लिहा.

ओझरवाला
चांगला धागा. आधी नियम स्पष्ट करू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं अर्धंमुर्धं असतं.

देशांतर्गत विमान रद्द झालं तर, कंपनीने कधी कळवलं त्यावर सगळं अवलंबून.
दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं, किंवा दोन आठवडे ते २४ तास या दरम्यान कळवलं : तुम्हाला पटेल ते पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. ठरावीक भरपाई नाही.
२४ तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही : पर्यायी विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई.

भरपाईची रक्कम उड्डाणाच्या वेळेवर. एक तासापर्यंत ५,०००, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण पुढचा भाग लोक वाचत नाहीत : हा आकडा किंवा 'एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार', यातलं जे कमी असेल ते. म्हणजे गोदाकाठ यांच्या उदाहरणात ७,५०० नाही आणि १०,००० तर नाहीच, ३,९०० मिळतील. सवलतीच्या दिवसांत काढलेल्या तिकिटाचं मूळ भाडं १,८०० असेल तर भरपाई १,८००.

वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून थांबेपर्यंतची, वेळापत्रकात छापलेली. ओझर–दिल्ली दोन तासांच्या आसपास असल्यामुळे पाच मिनिटांच्या फरकाने टप्पा बदलू शकतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा बघा.

आणखी दोन अटी. बुकिंग करताना तुमचा फोन-ई-मेल नीट दिलेला नसेल तर भरपाई नाही. आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई नाही : राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, सरकारी आदेश, संप, तसंच हवामान, सुरक्षेचा धोका किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला खोळंबा.

कॉलेजरोड
परतावा घेतला की भरपाईचा हक्क जातो का? कंपनीचं कॉल सेंटर तसं सांगतं.

ओझरवाला
@कॉलेजरोड, नाही. २४ तासांच्या आतल्या रद्दीत परतावा आणि भरपाई दोन्ही मिळतात, तसं नियमातच आहे. हक्क जातो तो दोन प्रकारे. एक, तुम्ही पर्यायी विमान स्वीकारून त्याने प्रवास केलात. दुसरा, "पूर्ण व अंतिम तडजोड" असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत किंवा तसा मजकूर असलेल्या लिंकवर मान्य केलंत. फॉर्म भरताना शेवटची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिकीटघर
तिकीट बुकिंगच्या कामातल्या माणसाच्या नजरेने परताव्याबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात.

१) रद्द झाल्याचा संदेश आल्यावर अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतः 'तिकीट रद्द करा' दाबू नका. तो रस्ता प्रवाशाने मर्जीने रद्द केल्याचा आहे आणि त्यात रद्द-शुल्क कापलं जातं. कंपनीच्या संदेशात वेगळी लिंक असते : विमान बदला किंवा परतावा घ्या. तीच वापरा. नुसती अफवा आहे, टीव्हीवर बातमी आहे, पण पीएनआरवर अजून रद्द दिसत नाही, अशा वेळी घाई केली तर नुकसान तुमचंच.

२) परतावा पैशात घ्यायचा की पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायचा, हे प्रवासी ठरवतो. कंपनीने परस्पर जमा दाखवलं तर लगेच ई-मेल करा : "मला मूळ खात्यात रक्कम हवी आहे."

३) क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर सात दिवसांत परतावा व्हायला हवा. रोख भरलं असेल तर त्याच कार्यालयातून लगेच. एजंट किंवा पोर्टलकडून काढलेल्या तिकिटाचीही जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी. "पोर्टलला विचारा" हे उत्तर मान्य करू नका.

४) "परतावा केला आहे" असं सांगितलं आणि खात्यात दिसत नाही, तर तारीख विचारत बसू नका. त्या व्यवहाराचा क्रमांक मागा : कार्डाचा असेल तर २३ अंकी एआरएन, यूपीआयचा असेल तर १२ अंकी आरआरएन. तो आकडा घेऊन बँकेत गेलं की पैसे कुठं अडकलेत ते त्यांना दिसतं. पोर्टलने आपल्याच वॉलेटमध्ये रक्कम टाकली असेल तर तेही तेव्हाच उघडं पडतं.

५) मूळ भाडं किती होतं हे तिकिटावर कधी नीट फोडून दिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून जीएसटी इनव्हॉइस उतरवून घ्या. भरपाईचा हिशोब त्यावरच होतो. परताव्यात विमानतळ विकास शुल्क आणि करही यायला हवेत. पोर्टलची सुविधा फी मात्र बहुतेक वेळा परत येत नाही, तिचा वाद वेगळा घालावा लागतो.

सिन्नरफाटा
तिसऱ्या मागणीबद्दल मला शंका आहे. कंपनीने दुसऱ्या दिवशीचं विमान फुकट देऊ केलं होतं. ते नाकारून प्रवासी स्वतःच्या मर्जीने मुंबईला गेला. टॅक्सी आणि महाग तिकीट कंपनीने का द्यावं? डीजीसीएच्या नियमात टॅक्सीचा उल्लेख नाही.

वकिलीकट्टा
@सिन्नरफाटा, मुद्दा बरोबर आहे आणि कंपनीचा वकील आयोगापुढे अगदी हेच म्हणणार. म्हणूनच तयारी त्याच वेळी करायची.

डीजीसीएचा नियम किमान काय द्यायचं ते सांगतो. वरच्या खर्चाची मागणी उभी राहते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या 'सेवेतील त्रुटी'वर. तिथं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : कंपनीची चूक, त्या चुकीमुळेच झालेला खर्च, आणि प्रवाशाने खर्च आवाक्यात ठेवायचा केलेला प्रयत्न. तिसऱ्या गोष्टीवर बहुतेक दावे कापले जातात. संध्याकाळची परीक्षा, मुलाखत, लग्न, रुग्णालयाची वेळ किंवा पुढचं विमान असेल तर दुसऱ्या दिवशीचा पर्याय निरुपयोगी होता हे पटतं. त्याचा कागद जोडा. नुसतं सहलीला जायचं असेल आणि हॉटेल दुसऱ्या दिवसापासून असेल, तर मलाही टॅक्सीचा दावा अवघड वाटतो.

खर्च करण्याआधी कंपनीला ई-मेल किंवा चॅटवर एक ओळ पाठवा : "तुम्ही दिलेला पर्याय अमुक कारणामुळे उपयोगाचा नाही. आजच दुसऱ्या कंपनीच्या विमानाने किंवा मुंबईहून पाठवण्याची सोय करा, नाहीतर मी स्वतः करून खर्च मागेन." उत्तर नाही आलं तरी चालेल. ती ओळ पाठवल्याची वेळ हा पुरावा.

इथं उपयोगी पडणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, सप्टेंबर २०२१, उत्तर पश्चिम रेल्वे विरुद्ध संजय शुक्ला. रेल्वे चार तास उशिरा जम्मूला पोहोचली, श्रीनगरचं विमान चुकलं, कुटुंबाला टॅक्सीने जावं लागलं. टॅक्सीचे १५,००० आणि बुकिंग वाया गेल्याचे १०,००० मंजूर झाले, शिवाय मनस्ताप आणि दाव्याच्या खर्चापोटी काही रक्कम. उशीर का झाला हे रेल्वेने पुराव्याने सांगायला हवं होतं आणि ते सांगितलं नाही, हा निकालाचा गाभा. प्रकरण रेल्वेचं आहे, पण प्रवासाची वेळ चुकल्याने झालेला पर्यायी वाहनाचा खर्च मागता येतो, हे तत्त्व विमानालाही लावून मांडता येतं.

मखमलाबाद
टॅक्सीच्या पावतीबद्दल थोडं खोलात. नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात फक्त कोणाला किती दिले ते दिसतं. कशासाठी दिले ते कुठं आहे? चालकाकडून किंवा मालकाकडून साध्या कागदावर लिहून घ्या : तारीख, निघायची जागा ओझर विमानतळ, पोहोचायची जागा मुंबई विमानतळ व टर्मिनल, गाडीचा नंबर, किलोमीटर, भाडं, टोल वेगळा, सही. टोल फास्टॅगने जातो आणि फास्टॅग गाडीमालकाच्या खात्यावर असतो, म्हणून नंतर तुम्हाला तो उतारा मिळणार नाही. गाडीतून उतरायच्या आधीच चालकाच्या फोनवरचे टोलचे संदेश स्वतःकडे पाठवून घ्या. त्यावर नाका आणि वेळ दोन्ही असतात, त्यामुळे प्रवास खरंच त्या दिवशी झाला हे आपोआप सिद्ध होतं. इगतपुरी–आमणे समृद्धी महामार्गाने गेलात तर तिथला टोलही त्यात येतो.

तिकीटघर
मखमलाबाद यांना +१. नवीन तिकीट काढतानाही तसंच. काढायच्या आधी त्या वेळी उपलब्ध असलेल्या सगळ्या विमानांच्या भाड्यांची यादी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, वरती वेळ दिसू द्या. तुम्ही सगळ्यात स्वस्त किंवा वेळेत पोहोचवणारं त्यातलं स्वस्त निवडलं, हे नंतर सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. जेवणासकटचं, पुढच्या रांगेचं तिकीट काढलंत तर तेवढा भाग कापला जाणार.

द्राक्षबाग
धुक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने ओझरचं विमान रद्द होतं, तेव्हा काहीच मिळत नाही का?

ओझरवाला
@द्राक्षबाग, परतावा किंवा पर्यायी विमान मिळतंच, कारण काहीही असो. ठरावीक भरपाई मिळत नाही. विमानतळावर पोहोचला असाल तर खाण्यापिण्याची सोयही कंपनीने करायची. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद हा निकाल धुक्याचाच आहे. धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नाही, पण त्या काळात प्रवाशांची किमान काळजी घेण्याचं काम कंपनीवरून जात नाही, असं त्यात आहे.

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने असंही सांगितलं, की तीन तासांपेक्षा जास्त खोळंबा होईल असं दिसत असेल तर कंपनीने विमान पुरेसं आधी रद्द करावं. त्यामुळे धुक्यातली रद्दी हल्ली आदल्या संध्याकाळी कळते. तसा संदेश आला की ओझरला जायची घाई न करता मुंबई गाठायला पंचवटी एक्स्प्रेस, वंदे भारत किंवा रस्ता यांचा विचार घरूनच करता येतो आणि खर्च निम्म्यावर येतो.

आडगावनाका
पण कंपन्या सगळ्याला 'हवामान' किंवा 'कार्यान्वयनाची कारणं' म्हणतात. ते खोटं असेल तर प्रवाशाने कसं शोधायचं?

ओझरवाला
@आडगावनाका, हे त्याच दिवशी करायचं काम आहे. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइट्सवर जुनी नोंद फुकटात थोडेच दिवस दिसते.
आपल्या विमानाच्या वेळेच्या आसपास दिल्लीत इतर कंपन्यांची विमानं उतरत होती का, ते बघून स्क्रीनशॉट घ्या. विमानतळाचे दर अर्ध्या तासाचे हवामान अहवाल नेटवर खुले असतात, त्यात दृश्यमानता मीटरमध्ये असते. जे विमान ओझरला येऊन परत जायचं होतं, ते आदल्या फेरीला कुठं होतं तेही बघा. दिल्लीत हवा स्वच्छ आणि ते विमान दुसऱ्याच गावी उभं, तर 'हवामान' हे कारण टिकत नाही.

आणि 'कार्यान्वयनाची कारणं' हे शब्द अपवादांच्या यादीत नाहीत. वैमानिक कमी पडले, विमान दुरुस्तीला गेलं, आधीच्या फेरीचा उशीर पुढे सरकत आला, ही कंपनीच्या नियोजनातली बाब आहे.

सिन्नरफाटा
पूर्ण सहमत नाही. यादीच्या शेवटी "कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे इतर कोणतेही घटक" असं आहे ना? कंपनी तांत्रिक बिघाड त्यात घालते.

वकिलीकट्टा
@सिन्नरफाटा, घालते, पण नियंत्रणाबाहेरचं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर. डिसेंबर २०२५ चं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे पुरेसं मनुष्यबळ लावलेलं नव्हतं आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. नियम सरकारचा होता, तरी तो कधी लागू होणार हे आधीच जाहीर होतं. सरकारनेही ती कंपनीच्या नियोजनातली चूक मानली, परताव्याला मुदत घालून दिली आणि इतर कंपन्यांच्या भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा लावली. त्या वेळी जास्त त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर मिळाली, बारा महिन्यांची मुदत असलेली आणि नियमातल्या भरपाईच्या वर.

व्हाउचरबद्दल एवढंच सांगतो, की नियमातली भरपाई रोख किंवा बँकेत द्यायची आहे. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. नाशिकमध्ये राहून वर्षभरात विमानाने जायचा बेत नसेल तर पैसेच मागा.

मिसळप्रेमी
विमानाला उशीर झाला तर किती वेळाने खायला मिळतं? ओझरला बसून मिसळीची आठवण काढायची वेळ येते म्हणून विचारतो 🙂

ओझरवाला
@मिसळप्रेमी 😀 मिसळच द्या असा नियम नाही, पण खाणं द्यावंच लागतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार तास. काउंटरवर जाऊन मागावं लागतं, बहुतेकदा कूपन देतात. नाही दिलं तर विकत घ्या, बिल जपा आणि नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याचं उत्तर त्याच वेळी कंपनीच्या चॅटवर लिहून ठेवा.

देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर सहा तासांच्या आतलं पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, तुमच्या मर्जीप्रमाणे. २४ तासांपेक्षा जास्त उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर, तर हॉटेल आणि तिथवर जायची-यायची सोय कंपनीकडून. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई मात्र आपल्याकडे नाही.

आडगावनाका
ओझर–दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्लीहून परदेशात दुसऱ्या तिकिटावर, असं खूप नाशिककर करतात कारण स्वस्त पडतं. पहिलं रद्द झालं तर दुसऱ्याचं काय?

तिकीटघर
@आडगावनाका, हाच सगळ्यात महाग सापळा. पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी नियमाने तेव्हाच कंपनीवर येते, जेव्हा दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतात. दोन तिकिटं म्हणजे दोन करार. दुसरी कंपनी तुम्हाला 'आलाच नाही' म्हणून नोंदते आणि परतीचा टप्पाही रद्द करू शकते. म्हणून पहिलं रद्द झाल्याचं कळताच दुसऱ्या कंपनीला सुटण्याआधी फोन करा आणि तारीख बदलून घ्या. बदलाचं शुल्क बुडालेल्या तिकिटापेक्षा कमी असतं. त्या शुल्काची पावती तिसऱ्या मागणीत जोडता येते, पण मिळण्याची शक्यता एकाच तिकिटापेक्षा बरीच कमी, हे धरून चाला.

अजून एक नवी गोष्ट. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतात. पर्यायी विमान 'मुंबई' म्हणून दिलं तर कोणत्या विमानतळावरून, ते कोड बघून खात्री करा. नाशिकहून कल्याणमार्गे जाणाऱ्याला अंधेरी आणि पनवेलची बाजू यात खूप फरक पडतो.

प्रवास विमा असेल तर कंपनीकडून रद्द झाल्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्या, त्यात कारण आणि मूळ वेळ असायला हवी. विमा कंपनीला त्याशिवाय दावा पुढे नेता येत नाही. क्रेडिट कार्डासोबतही असा विमा असतो, अटी काढून वाचा.

इंदिरानगर
युरोपातून परत येताना विमान रद्द झालं तर ६०० युरो मिळतात असं ऐकलं. भारतीय कंपनी असली तरी?

रिंगरोड
@इंदिरानगर, हो. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला त्यांचा २६१/२००४ नियम लागतो. म्हणून फ्रँकफर्ट–मुंबई भारतीय कंपनीचं असलं तरी दावा होतो. उलट मुंबई–फ्रँकफर्ट भारतीय कंपनीने जात असाल तर होत नाही, युरोपीय कंपनीने जात असाल तर होतो. ३,५०० किलोमीटरच्या वर ६०० युरो, १४ दिवसांच्या आत कळवलं असेल तर. पर्यायी विमान तुमच्या मूळ वेळेच्या अगदी जवळचं दिलं तर रक्कम कमी होते किंवा जाते. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड तिथली न्यायालयं अपवाद मानत नाहीत. ब्रिटनचा वेगळा पण तसाच नियम आहे, लांबच्या उड्डाणाला ५२० पौंड. आपल्या नियमाशी मोठा फरक म्हणजे तिथं रक्कम अंतरावर ठरते, तिकीट कितीचं होतं त्यावर नाही. दावा सांगणाऱ्या मध्यस्थ कंपन्या मोठा वाटा कापतात. विमान कंपनीच्या साइटवरचा फॉर्म स्वतः भरणं सोपं आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेल्या प्रत्यक्ष खर्चासाठी माँट्रियल करार आहे, भारतात २००९ पासून लागू. त्यात पावत्या दाखवून खर्च मागता येतो, कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). दावा दोन वर्षांत. सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार, फुटलं असेल तर ७ दिवसांत.

चांदवडकर
हे सगळं वाचून एकच प्रश्न. आठ-दहा हजारांसाठी वकील करून आयोगात जायचं परवडतं का?

वकिलीकट्टा
@चांदवडकर, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी शून्य आहे. क्रम असा ठेवा.

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल. विषयात पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख. आत तीन मागण्या तीन परिच्छेदांत, प्रत्येकाखाली आकडा आणि जोडलेल्या कागदाचं नाव. शेवटी बँक खातं आणि १५ दिवसांची मुदत. उत्तर साचेबंद आलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपिलीय अधिकाऱ्याकडे. दोघांचे पत्ते कंपनीच्या साइटवर असतात.

मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार. परतावा आणि ठरावीक भरपाई बऱ्याचदा इथंच सुटते. वरच्या खर्चाला एअरसेवावर साधारण नकार येतो, तो नकार जपून ठेवा. समांतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठंही असो आणि तिकिटाच्या अटींत कोणत्याही शहराचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असो, तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं, म्हणजे नाशिकलाच दाखल करता येते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर खातं उघडून तक्रार, घटनांची तारीखवार यादी, शपथपत्र आणि कागदपत्रं चढवायची. मुदत घटनेपासून दोन वर्षं. प्रतिपक्ष विमान कंपनी, आणि पैसे पोर्टलने अडवले असतील तर पोर्टलही. सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्ज करता येतो. निकाल होऊनही पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज होतो आणि त्यात शिक्षेची तरतूद आहे.

वेळ लागतो. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. पण नोटीस मिळाल्यावर बरीच प्रकरणं तडजोडीत मिटतात, कारण नाशिकला वकील पाठवणं कंपनीला दाव्याच्या रकमेपेक्षा महाग पडतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. आता मूळ उदाहरणाचा हिशोब मांडतो, तपासून सांगा.
परतावा ५,२००.
ठरावीक भरपाई ३,९००.
वरचा खर्च : टॅक्सी ५,००० अधिक नवीन तिकिटातला फरक ९,८०० वजा ५,२००, म्हणजे ४,६००. एकूण ९,६००.
तिन्ही मिळून १८,७००.
नवीन तिकिटाचे पूर्ण ९,८०० मागितले आणि जुन्याचा परतावाही घेतला, तर एकच प्रवास फुकट मागितल्यासारखं होतं, म्हणून फरकच धरला.

सिन्नरफाटा
भरपाईचे ३,९०० वरच्या खर्चातून वजा व्हायला नकोत का? दोन्ही एकाच गैरसोयीपोटी आहेत.

वकिलीकट्टा
@गोदाकाठ, फरकाचा हिशोब बरोबर. ज्यांनी पूर्ण तिकीट मागितलं त्यांचा बाकीचा दावाही संशयाने बघितला जातो.
@सिन्नरफाटा, आयोग वजा करू शकतो. म्हणून तक्रारीत स्वतःच लिहावं : "नियमानुसारची भरपाई मिळाल्यास ती विचारात घेऊन उरलेली रक्कम द्यावी." तसं झालं तर हाती येतील १४,८००. मनस्ताप आणि दाव्याचा खर्च वेगळ्या ओळीत मागा, आकडा माफक ठेवा. अठरा हजारांच्या दाव्यात मनस्तापाचे पाच लाख लिहू नका. आणि रद्द झालेल्या तारखेपासून व्याज मागायला विसरू नका, न मागितलेलं व्याज आयोग क्वचितच देतो.

कॉलेजरोड
शपथपत्र नोटरी करूनच चढवायचं का?

वकिलीकट्टा
हो, नोटरी करून, सगळी पानं सहीसकट स्कॅन करा. स्कॅन केलेल्या पावत्यांच्या मूळ प्रती फेकू नका. थर्मल कागदाची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवा.